शिंदीचा गाळ आणि साहेबांचा शामियाना

सायन्स शिकवणाऱ्या मास्तराची गावातली जागा वैद्य, सोनार आणि मांत्रिक यांच्या मधे कुठेतरी असते. जालन्याच्या शाळेत मी उभी हयात हा विषय शिकवला, पण माझ्याकडे विद्यार्थ्यांपेक्षा गिऱ्हाइकंच जास्त आली. कुणी तुपाचा डबा घेऊन यायचं, ‘मास्तर, ह्यात भेसळ हाय का सांगा.’ कुणी शेतात सापडलेला काळा दगड आणायचं, तो आभाळातून पडलाय अशी त्याची खात्री असायची. भोकरदनकडचा एक पाटील एकदा मडकंभर पाणी घेऊन बैलगाडीतून आला. नवीन विहिरीचं पाणी होतं. मी चूळभर पिऊन पाहिलं आणि गोड आहे म्हणालो. पाटलाचं समाधान होईना.

“पिऊन तर माझी म्हस बी सांगती. तुम्ही सायन्स लावून बघा.”

मग मी लिटमसचा लाल कागद त्यात बुडवला. तो किंचित निळसर झाला. पाटील एवढा खूश झाला की तो ओला कागद त्याने पागोट्यात खोचून नेला. पुढे वर्षभर भोकरदनच्या बाजारात माझी कीर्ती ‘पाणी निळं करणारे मास्तर’ अशी होती.

हे सगळं निजामाच्या राज्यातलं. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. शिक्षण उर्दूतून. आता ही गंमत आजच्या पोरांना सांगून पटत नाही. मी मराठी, समोरची निम्मी-अधिक पोरं मराठी, आणि पुस्तक उर्दू. मी आधी उर्दूत वाचायचो, मग मराठीत सांगायचो आणि शेवटी फळ्यावर चित्र काढायचो, कारण तिसऱ्या भाषेत सगळ्यांचंच एकमत व्हायचं. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्याची किल्ली सदर साहेबांकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांकडे. ते स्वभावाने देवमाणूस, पण काचेच्या वस्तूंवर त्यांचा फार जीव. वस्तू फुटू नयेत यासाठी त्या वापरूच नयेत हा त्यांचा साधा सरळ हिशेब होता. एकदा मी हायड्रोजन तयार करून नळीच्या तोंडाशी काडी लावली. ‘फट्’ असा आवाज झाला. तेवढ्याने शेजारच्या वर्गातल्या फारसीच्या मौलवी साहेबांनी पुस्तक टाकून अंगणात धाव घेतली, आणि माझं कपाट पुढचे सहा महिने बंद राहिलं.

अशा शाळेत एके दिवशी बिरूने तो प्रश्न विचारला.

बिरू वडीगोद्रीच्या बाजूचा, धनगराचा पोरगा. शाळेच्या बोर्डिंगात राहायचा. अंगाने काटक, केस कायम उभे, आणि कुठलीही गोष्ट ऐकली की मान तिरकी करून बघायची सवय. विकत घ्यायच्या मेंढराकडे बघतात तसं. आम्ही तेव्हा प्रकाशाचा धडा वाचत होतो. इंद्रधनुष्यात जांभळ्या रंगाच्याही पलीकडे काही किरण असतात, ते डोळ्याला दिसत नाहीत, ते बारीक जीवजंतूंना मारतात आणि साध्या काचेतून बहुतेक आरपार जात नाहीत, एवढाच मजकूर होता. उर्दूत त्यांना ‘बालाए बनफ्शी शुआएं’ म्हणायचे. आज मराठी पुस्तकात ‘अतिनील किरण’ असं सुटसुटीत नाव आहे.

“मास्तर,” बिरू म्हणाला, “दिसत न्हाईत तं हायेत कशावरून?”

“पुस्तकात लिहिलंय.”

“पुस्तकात तं भुतं बी लिहिलेली आसत्यात.”

वर्ग हसला. मीही हसलो, पण मला ते लागलं. पोरगं खोटं बोलत नव्हतं. हे किरण सोडणारे दिवे हैदराबादेत मोठ्या इस्पितळात असतात असं मी ऐकून होतो. ते आमच्या कपाटात कुठून येणार? मी घरी जाऊन जेवायला बसलो, आणि दारातून पडलेलं ऊन पाहिल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जालन्यात कशाचाही तुटवडा असेल, उन्हाचा नाही. आणि त्याच उन्हात हे किरण असतात.

आता मारायला बारीक जीव हवा. असा जीव हवा, जो मेला की जिवंत आहे ते फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना दिसेल. आमच्याकडे एक सूक्ष्मदर्शक होता, पण तो सदर साहेबांच्या खोलीत मखमली कापडाखाली दर्शनापुरता असे. म्हणून मी खमीर निवडलं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नान फुगतो, शिंदी म्हणजे शिंदीच्या झाडाची ताडी फसफसते, ते खमिरामुळे. खमीर म्हणजे डोळ्याला न दिसणारे अगणित जीव. ते गोड खातात आणि वायू सोडतात. बाटलीत गुळाचं पाणी घालायचं, त्यात खमीर टाकायचं आणि बाटलीच्या तोंडाला रबरी फुगा बांधायचा. खमीर जिवंत असेल तर फुगा उभा राहतो, मेलं असेल तर लोळत पडतो. याहून सोपी परीक्षा मी आजवर पाहिली नाही, माणसांची सुद्धा.

आधी आम्ही सदर बाजारातल्या नानवाल्याकडून आंबलेल्या कणकेचा गोळा आणला. पण गोळा जाड, ऊन वरच्या पापुद्र्यावरच राहणार, आतले जीव सुरक्षित. पातळ काहीतरी हवं होतं. म्हणजे शिंदीच्या मडक्यातला गाळ. इथं पेच आला. वर्गातली निम्मी पोरं माळकऱ्यांच्या घरची, ती शिंदीच्या दुकानाच्या सावलीलाही उभी राहायची नाहीत. उरलेल्या निम्म्यांना पाठवायची मला भीती, कारण त्यांच्यातली दोन-तीन पोरं तिथून परत आली असती याची खात्री नव्हती. शेवटी मीच तांब्या घेऊन निघालो.

शिंदीच्या झाडाखाली बसून दूध प्यालं तरी लोक शिंदीच म्हणतात. मी तर खरोखरच शिंदीच घेऊन येत होतो. दुकानदार भला माणूस, मी गाळ मागितल्यावर त्याने हळहळून विचारलं, “मास्तर, गाळ कशापायी? ताजी घ्या की.” तांब्यावर रुमाल टाकून मी बाजारातून आलो, आणि रुमाल टाकल्यामुळेच सगळ्यांनी पाहिलं. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. बायको दारातच उभी.

“आणलंत ते खरं का?”

“प्रयोगाला आणलंय.”

“सगळे पहिल्यांदा प्रयोगच करतात,” ती म्हणाली, आणि तांब्या घरात येऊ दिला नाही. तो रात्रभर ओसरीवर राहिला. सकाळी तिनेच त्यावर झाकण घातलेलं होतं, एवढं मात्र खरं.

पुढचे काही आठवडे आमचा प्रयोग म्हणजे फजितीचा बाजार होता. उकळून गार केलेल्या पाण्याने गाळ धुऊन धुऊन आम्ही पांढुरका केला. तो पाण्यात कालवून दोन चिनी मातीच्या बशांत पातळ पसरला. एक बशी उघडी, दुसरीवर खिडकीची काच. दोन्ही उन्हात. मग दोन्हींतलं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत ओतून फुगे बांधायचे. पहिल्या खेपेला दोन्ही फुगे लोळले, कारण फरशी एवढी तापली होती की खमीर शिजलंच. दुसऱ्या खेपेला ढग आले आणि दोन्ही फुगे डौलात उभे राहिले. एकदा उघड्या बशीतलं सगळं पाणी कावळ्याने पिऊन टाकलं. तो कावळा दिवसभर शाळेच्या कौलावर बसून ओरडत होता, आणि पोरं म्हणायची की चढली त्याला.

बशा ओल्या वाळूच्या घमेल्यात ठेवायची कल्पना बिरूची. मंग त्या तापायच्या न्हाईत, असं त्याचं म्हणणं. आणि कावळ्यावर लक्ष ठेवायला तो स्वतः काठी घेऊन उन्हात बसला. त्या दिवशी पहिल्यांदा घडायचं ते घडलं. काचेखालच्या बशीचा फुगा उभा राहिला, उघड्या बशीचा लोळला. गमतीची गोष्ट अशी की वाळू ओली असूनही काचेखालची बशी जास्त गरम होती. काचेखाली ऊब कोंडते, ते कुणालाही कळेल. म्हणजे जी जास्त तापली ती जगली, आणि जी गार राहिली ती मेली. मारणारं ऊन होतं, पण ऊब नव्हती. दुसरंच काहीतरी होतं आणि काचेने ते अडवलं होतं.

बिरू मान तिरकी करून बराच वेळ फुग्यांकडे बघत राहिला.

“हायेत,” तो म्हणाला. एवढंच.

मी आयुष्यात पुष्कळ टाळ्या ऐकल्या, पण त्या एका ‘हायेत’ने मला जेवढं बरं वाटलं तेवढं कशानेच वाटलं नाही.

त्याच सुमारास बिरूचा बाप आला. धोंडिबा त्याचं नाव. उंच, वाळलेला, थोडं बोलणारा माणूस. शाळेच्या पायरीवर बसला आणि सरळ मुद्द्यावर आला.

“मास्तर, दसरा झाला की आमी कळप घेऊन गंगथडीला निघतो. पोराला न्यायला आलोय.”

गंगथडी म्हणजे गोदावरीचा काठ. मी म्हणालो, पोरगं हुशार आहे, आणखी दोन वर्षं राहू द्या, मॅट्रिक होईल.

“हुशार हाय, ते तुमी म्हनता. तुमी मास्तर, तुमी म्हननारच. मला हाताखाली मानूस पायजे.”

बराच वेळ आमची ओढाताण झाली. मी बोलत होतो आणि तो जमिनीकडे बघत ऐकत होता. शेवटी मी सांगितलं की थोड्याच दिवसांत मोहतमीम साहेब येणार आहेत. मोहतमीम म्हणजे शाळा तपासणारा मोठा अधिकारी, त्याच्या नुसत्या नावाने सदर साहेबांना घाम फुटायचा. ते बिरूचा प्रयोग बघणार आहेत. धोंडिबाने मान वर केली.

“मोठा सायब बघनार? मंग आसं करू. त्यो सायब माज्या म्होरं म्हनला की पोरगं शिकाया लायक हाय, तं ठेवा. न्हाई म्हनला तं मी घेऊन जातो. पुन्ना तुमी बोलायचं न्हाई.”

मी कबूल केलं. दुसरा इलाज नव्हता. बिरू खांबाआड उभा राहून सगळं ऐकत होता, हे मला नंतर कळलं. त्या दिवसापासून त्याने बशा घासायला घेतल्या की त्या कल्हई केल्यासारख्या चकाकायच्या.

साहेब येणार म्हटल्यावर शाळेचं लग्नघर झालं. चुना झाला, तोरणं झाली, पोरांच्या टोप्या धुऊन झाल्या. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सदर साहेबांनी गावातून मोठा शामियाना आणवला. लाल-निळा, जाड कापडाचा, झालरीवाला. तो अंगणभर ताणला. साहेबांच्या डोक्यावर उन्हाचा कवडसा पडता कामा नये, हा आमच्याकडच्या पाहुणचाराचा पहिला नियम. मी सकाळी पाहिलं तर आमची वाळूची घमेली साहेबांच्या खुर्चीसमोर, शामियान्याच्या बरोबर मधोमध मांडलेली. खाली गालिचासुद्धा होता.

“सदर साहेब,” मी म्हणालो, “हा उन्हाचा प्रयोग आहे.”

“म्हणून काय हुजूर उन्हात येऊन बघतील?”

“पण इथं ऊन नाही.”

“उजेड आहे ना! चांगला लख्ख आहे!” ते म्हणाले. “मास्तर, आज बिलकुल काही बोलू नका. माझी इज्जत आहे.”

मी कपाळाला हात लावला. सावलीत उन्हाचा प्रयोग करणारी जगातली पहिली शाळा आमचीच असणार. पण बोलायची वेळ निघून गेली होती, कारण फाटकात मोटार येऊन उभी राहिली.

मोहतमीम साहेब ठेंगणे, गोरे, काळ्या शेरवानीत आणि लाल रुमी टोपीत. हैदराबादेत शिकलेले. त्यांनी हजेरी पाहिली, फारसी ऐकली, मौलवी साहेबांना शाबासकी दिली आणि खुर्चीवर येऊन बसले. मागे तहसीलदार, गावातले चार प्रतिष्ठित, हार घेतलेली पोरं. धोंडिबा अंगणाच्या कडेला लिंबाखाली काठी टेकून उभा होता.

“लडके, ये क्या तमाशा है?” साहेबांनी विचारलं. आवाज खेळकर होता.

बिरू पुढे आला. त्याने पाठ केलेलं उर्दू भाषण मी त्याच्याकडून तीन दिवस घोटवून घेतलं होतं. त्याने तोंड उघडलं, वर शामियान्याकडे पाहिलं, आणि भाषण विसरून गेला की सोडून दिलं कोण जाणे. तो म्हणाला,

“हुजूर, ये तजुर्बा इधर नहीं होता.”

“क्यों?”

“इधर सूरज नहीं है.”

सदर साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. तहसीलदार खाकरले. साहेबांनी टोपी मागे सारून वर पाहिलं, झालरीपासून झालरीपर्यंत. मग ते म्हणाले,

“बात तो सही है. उतारो.”

“हुजूर?” सदर साहेब.

“शामियाना उतारो भई. सूरज उसके पीछे है.”

मग जो गोंधळ उडाला तो मी जन्मात विसरणार नाही. दोऱ्या सुटल्या, बांबू कलंडले, शामियान्याची एक बाजू तहसीलदारांच्या अंगावर आली. प्रतिष्ठित मंडळी आपापल्या खुर्च्या उचलून सावलीच्या मागे धावली. आश्विनातलं ऊन तुम्हाला माहीत आहे, चामडं सोलून काढतं. सदर साहेबांनी छत्री आणवली, ओसरीवर खुर्ची मांडली, सरबत ठेवलं. मोहतमीम साहेब हलायला तयार नाहीत.

“मैं यहीं बैठूंगा,” ते म्हणाले. “नहीं तो कल कोई कहेगा, लडके ने बर्तन बदल दिये.”

बिरूने दावा सांगितला, काचेखालचं खमीर जगेल आणि उघड्यावरचं मरेल. साहेबांचं मत वेगळं होतं. जरा ऊन लागल्यावर त्यांनी दोन्ही घमेल्यांतल्या वाळूत बोट खुपसून पाहिलं. काचेखालची जास्त गरम. तेव्हा ते हसून म्हणाले की गर्मीने जीव मरतो, म्हणून काचेखालचं खमीर आधी मरेल. बिरू म्हणाला, “न्हाई हुजूर.” एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला असं तोंडावर नाही म्हणताना त्याचा आवाज कापला, पण म्हणाला. साहेबांनी छत्री घेतली आणि घमेल्यांशेजारी ठाण मांडलं. शेरवानीची वरची दोन बटणं उघडली. मधूनमधून बशांत थोडं पाणी घालायला ते बिरूला हाताने खुणावत. त्यांचं बघून तहसीलदारांना उन्हात यावं लागलं. तहसीलदारांचं बघून सगळ्यांना. एका धनगराच्या पोराच्या दोन बशांपायी निम्मं जालना त्या दिवशी भाजून निघालं.

दुपार कलायला लागली तेव्हा साहेबांनी स्वतःच्या हाताने दोन्ही बशांतलं पाणी बाटल्यांत ओतलं, फुगे स्वतः बांधले. हे फुगे आम्ही उरुसातून आणले होते, एक हिरवा आणि एक पिवळा. हिरवा काचेखालच्याचा, पिवळा उघड्याचा. मग सगळे ओसरीवर जेवायला बसले आणि बाटल्या साहेबांच्या समोर ठेवल्या. घास घेताना सुद्धा त्यांची नजर तिथंच. माझीही. आज फुगा उभा राहिला नाही तर हा पोरगा उद्या सकाळी गंगथडीच्या वाटेला लागणार होता.

पानाचं तबक आलं तेव्हा हिरवा फुगा हलला. आधी नुसता थरथरला, मग मान वर काढली, आणि बघता बघता सरळ उभा राहिला. पिवळा बाटलीच्या कडेवर लोळत पडलेला. साहेब उठले. त्यांनी पिवळ्याला बोटाने टिचकी मारली, हिरव्याला मारली, आणि मोठ्याने म्हणाले, “वाह!” पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सदर साहेबांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. त्यांनी घाईने हार पुढे केला, अत्तरदाणी आली, गुलाबपाणी आलं. मी लिंबाकडे बघून धोंडिबाला हाताने जवळ बोलावलं. साहेबांच्या तोंडून आता फक्त एक वाक्य निघायचं राहिलं होतं.

हार गळ्यात पडत होता, तेवढ्यात बिरूचा आवाज आला.

“हुजूर, रुको. ह्यो बी उठून राह्यला.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. पिवळा फुगा. पुरता उभा नव्हता, पण लोळतही नव्हता. झोपेतून उठणाऱ्या पोरासारखा अर्धवट वर आलेला. आमच्यापैकी एकाही माणसाचं तिकडे लक्ष नव्हतं. बिरू गप्प बसला असता तर साहेब मोटारीत बसेपर्यंत कुणाला कळलंही नसतं. मी त्याच्याकडे जळजळीत नजरेने पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही.

साहेब वाकले. “तो तुम्हारा दावा गलत?”

“आधा गलत हुजूर,” बिरू म्हणाला. आणि मग उर्दू संपल्यामुळे मराठीवर आला. “समदे मेले न्हाईत. थोडे वाचले. थोडेच हायेत म्हनून फुगा उशिरा उठला.”

“क्यों बचे?”

बिरूने खांदे उडवले. “मालूम न्हाई. दुस्काळात बी समदी मेंढरं मरत न्हाईत. काही उरत्यात. मंग त्यांचाच कळप व्हतो.”

मी त्याचं बोलणं उर्दूत करून सांगितलं. मोहतमीम साहेब खाली वाकून पिवळ्या फुग्याकडे बघत राहिले, गळ्यातला हार बाटलीवर लोंबत होता. तेवढ्यात तहसीलदारांनी घड्याळ दाखवलं. मनमाडची गाडी चुकणार होती. साहेब गडबडीने उठले, शेरवानीची बटणं लावत मोटारीकडे निघाले. पायरीवर थांबून मागे वळले आणि बिरूला म्हणाले,

“फिर करो.”

मोटार धुरळा उडवत गेली.

‘फिर करो.’ सायन्सच्या माणसाने सायन्सच्या माणसाला द्यावी अशी ती दाद होती, हे मला कळत होतं. याहून मोठी शाबासकी आमच्या धंद्यात नाही. त्या दोन शब्दांनी साहेबांनी माझ्या पोराला आपल्या पंगतीला बसवलं होतं. पण हे धोंडिबाला कसं सांगायचं? त्याने काय ऐकलं? साहेब हसता हसता थांबले, पोरगं मधेच काहीतरी बोललं, आणि साहेब ‘पुन्हा कर’ म्हणून निघून गेले. नापास झालेल्या पोरालाच तर पुन्हा कर म्हणतात. ‘लायक आहे’ हे शब्द कुणी उच्चारलेच नव्हते. अट माझ्यावर उलटली होती, आणि पुन्हा बोलायचं नाही हे मीच कबूल केलं होतं.

तरी मी बोललो. “धोंडिबा, साहेबांना फार आवडलं. त्यांच्या बोलण्याचा अर्थ...”

त्याने हात वर करून मला थांबवलं.

“मास्तर, एक सांगा. त्यो पिवळा फुगा कुनाला दिसला व्हता?”

“कुणालाच नाही.”

“समदे टाळ्या वाजवून राह्यल्ते. ह्यो गप बसला असता तं जितला असता ना?”

“हो,” मी म्हणालो. काय करणार? पोराने एवढं खरं बोलल्यावर मास्तराने खोटं बोलणं बरं दिसलं नसतं.

धोंडिबाने बाटल्यांकडे पाहिलं. पिवळा फुगा आता जवळजवळ हिरव्याच्या बरोबरीला आला होता. मग तो हळू आवाजात बोलायला लागला. एवढं लांब बोलताना मी त्याला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

“माज्याकडं गडी हायेत, मास्तर. रानात एकादं मेंढरू इकून टाकत्यात आन् लांडग्यानं नेलं म्हनत्यात. मी बी मान हालवतो, काय करता. मला आसाच एक मानूस पायजेल व्हता. कुनी बघत नसताना बी जे झालं तेच सांगनारा. म्हनूनच न्यायला आल्तो ह्याला.”

मला वाटलं संपलं सगळं. पोराने आपल्या तोंडानेच आपली वाट ठरवून टाकली होती. मी खाली बघून उभा राहिलो.

धोंडिबाने खांद्यावरची घोंगडी काढली. काळी, जाड, घरच्या लोकरीची. ती त्याने झटकली, घडी घातली आणि बिरूच्या खांद्यावर ठेवली.

“थंडी पडंल आता,” तो पोराला म्हणाला. “बोर्डिंगात पांघराया राहू दे.”

त्याला हवा होता तोच माणूस तो माझ्याकडे ठेवून चालला होता, आणि माझ्याकडे पाहून त्याने नुसती मान हलवली. उघड्या खांद्याने, काठी टेकत तो फाटकातून बाहेर पडला आणि कुंडलिकेच्या पुलाकडे चालायला लागला. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. बिरू तो दिसेनासा होईपर्यंत बघत उभा होता. मग त्याने घोंगडीच्या टोकाने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि घमेल्यातली वाळू ओतून द्यायला वाकला.

“मास्तर,” तो म्हणाला, “उद्या ऊन पडंल ना?”